वीज आली, राखणदार उठले का?

वेळणेश्वरच्या देवळात जाताना बूट बाहेर काढायचे. या लेखात मात्र बूट आत आणायचा, कारण आजचा सगळा खेळ बूटचाच आहे!

माहीत आहे का, वेळणेश्वर हे नाव कुठून आलं? 'वेळा' म्हणजे समुद्रकिनारा; किनाऱ्यावरचा ईश्वर तो वेळणेश्वर, ही एक व्युत्पत्ती. भाविकांची लाडकी व्युत्पत्ती वेगळीच: हाकेला वेळ न लावता पावतो तो वेळणेश्वर! गुहागर तालुक्यातल्या या देवाच्या नावात सिस्टम ॲडमिनचं अख्खं स्वप्न सामावलंय. लाईट आली की मशीनने उठावं, मशीन उठलं की त्यातल्या सर्व्हिसेसनी उठावं. वेळ न लावता. कुणी बटण न दाबता.

कोकणात राहणाऱ्याला याचं महत्त्व सांगायला नको. जूनचा वारा सुटला, माडाची झावळी तारेवर पडली की लाईट गेली. आली. परत गेली. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर तर उत्तर रत्नागिरीतली कित्येक गावं दिवसेंदिवस अंधारात होती. अशा ठिकाणी दर वेळी माणसाने उठून कमांड मारायची म्हणजे झोपेचं खोबरंच.

तर मंडळी, युनिक्स आणि लिनक्सच्या दुनियेत हे 'आपोआप उठणं' जमतं कसं? चला, सुसाट!

कॉम्प्युटरचा 'बूट' खरंच पायातल्या बुटातून आलाय, माहीत आहे का? बूट ओढून चढवायला मागे जी पट्टी असते, ती बूटस्ट्रॅप. स्वतःच्या बुटाची पट्टी धरून स्वतःलाच वर उचलायचं, ही इंग्रजीतली अशक्य करामत. मशीनपुढचं कोडंही हेच: प्रोग्रॅम मेमरीत आणायला प्रोग्रॅम लागतो, मग पहिला प्रोग्रॅम आणायचा कुणी? उत्तर असं की चिपमध्ये कोरलेला एक चिमुकला प्रोग्रॅम जरा मोठ्याला उठवतो, तो त्याहून मोठ्याला, आणि बघता बघता सगळं घर जागं!

वीज केंद्रालाही असंच उठावं लागतं बरं का. केंद्र सुरू करायला पंप लागतात, पंपांना वीज लागते, आणि ग्रिडच झोपलेलं असलं तर? या कसरतीला म्हणतात 'ब्लॅक स्टार्ट', आणि त्यात जलविद्युत केंद्रं सगळ्यात चपळ. दार उघडलं, पाणी सुटलं, चाक फिरलं! याच गुहागर तालुक्यात अंजनवेलला एन्रॉनच्या काळापासूनचा गॅसवरचा प्रकल्प आहे आणि शेजारच्या चिपळूण तालुक्यात पोफळीला कोयनेचं पाणी टर्बाइन फिरवतं. म्हणजे बूट-शास्त्राचे दोन्ही धडे तासा-दोन तासांच्या ड्राइव्हवर.

आता भेटा डीमनना. पडद्यामागे गुपचूप चालणाऱ्या सर्व्हिसला युनिक्समध्ये 'डीमन' म्हणतात. वेबसाइट दाखवणारा, प्रिंटिंग सांभाळणारा, लॉगिनचं दार राखणारा, सगळे डीमन. घाबरू नका, हा सैतान नाही! १९६३ च्या सुमाराला एमआयटीच्या प्रोजेक्ट मॅकमधल्या मंडळींनी हे नाव घेतलं ते भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलच्या कल्पनेतल्या, न थकता रेणू निवडत बसणाऱ्या डीमनवरून. मूळ ग्रीक अर्थ तर आणखी सुंदर: माणसाच्या पाठीशी उभी असलेली अदृश्य शक्ती.

कोकणी वाचकाच्या डोक्यात आत्तापर्यंत ट्यूब पेटली असेल. अहो, हा तर राखणदार! दिसत नाही, बोलत नाही, रात्रभर आगर राखतो. मला विचाराल तर 'डीमन'ला यापेक्षा चोख मराठी शब्द नाही.

आणि हा राखणदार बूट घालतो! बीएसडी युनिक्सचा मॅस्कॉट 'बीस्टी' बघितलाय? लाल अंग, शिंगं, हातात त्रिशूळासारखा काटा आणि पायात झक्कास स्निकर्स. त्याचं गाजलेलं चित्र काढलं जॉन लॅसेटरने. तोच, ज्याने पुढे १९९५ मध्ये 'टॉय स्टोरी' दिग्दर्शित केला!

या राखणदारांचा गावकार कोण? प्रोसेस नंबर एक, म्हणजेच 'पीआयडी १'. कर्नल, म्हणजे सिस्टमचा गाभा, जागा झाला की सगळ्यात आधी यालाच उठवतो. बाकी सगळे याच्या वंशावळीतले. एखाद्या प्रोसेसचे आईवडील वारले की ती अनाथ पोर बहुधा याच्याच पदरात येते. 'किल माइनस नाइन' हे युनिक्सचं ब्रह्मास्त्र, पण ते याच्यावर चालत नाही. आणि तरीही हा स्वतःच कोसळला तर? लिनक्स 'कर्नल पॅनिक' म्हणून हात वर करतो. खेळ खल्लास.

फाइलींच्या नावात दिसणारं ते गूढ 'आरसी' म्हणजे काय, माहीत आहे का? गाडीचं आरसी बुक नव्हे! ते आहे 'रन कमांड्स'. १९६० च्या दशकात एमआयटीच्या सीटीएसएस सिस्टमवर लुई पूझाँ या फ्रेंच इंजिनिअरने 'रनकॉम' नावाची सोय लिहिली: कमांडांची यादी फाइलमध्ये ठेवा, मशीन ती ओळीने चालवेल. सिस्टम गेली, नाव उरलं. 'शेल' हा शब्दही याच पूझाँचा. एकाच माणसाने दोन शब्द दिले आणि आज साठ वर्षं झाली, जग तेच वापरतंय.

मग आला 'सिस्टम फाइव्ह' युनिक्सचा जमाना. एका फोल्डरमध्ये शाळेच्या हजेरीसारखी ओळ: 'एस' म्हणजे स्टार्ट, 'के' म्हणजे किल, आणि पुढे दोन आकडी रोल नंबर. एस१० आधी, एस८० नंतर. नाव बदललं की नंबर बदलला! सोपं, पण एकेकाने उठायचं. पुढच्याने कितीही आळस दिला तरी मागच्याने ताटकळायचं.

याच जमान्यातला माझा सगळ्यात आवडता किस्सा. मशीन कुठल्या अवस्थेत जागं व्हावं, याला 'रनलेव्हल' म्हणत. शून्य म्हणजे बंद हो, सहा म्हणजे रीबूट हो. आता डीफॉल्टच्या जागी कुणी सहा लिहिलं तर? मशीन उठणार, वाचणार 'रीबूट हो', रीबूट होणार, उठणार, वाचणार… रेड हॅट लिनक्सच्या ज्या फाइलीत हा डीफॉल्ट लिहायचा, तिथे शून्य आणि सहा या दोन्ही आकड्यांपुढे ठळक 'नॉट' घालून बजावून ठेवलं होतं: इथे हे लिहू नका!

क्रम, क्रम, क्रम! रत्नागिरीचं नमन बघितलंय ना? आधी गण, मग गवळण, मग वग. वग कितीही रंगणारा असो, गणाआधी कुणी सुरू करत नाही. सर्व्हिसेसचंही अगदी तसंच: आधी डिस्क, मग नेटवर्क, मग डेटाबेस, मग वेबसाइट. हा क्रम नंबर घालून माणसाने का लावायचा? २००० साली नेटबीएसडी १.५ ने प्रत्येक स्क्रिप्टमध्येच लिहायला लावलं की 'मी काय पुरवतो' आणि 'मला आधी काय लागतं'. मग 'आरसीऑर्डर' नावाचा छोटा प्रोग्रॅम सगळ्यांची रांग स्वतः लावतो. नमन संपलं, घडाभर तेल वाचलं!

आता मराठी माणसासाठी खास. 'आधी लगीन कोंढाण्याचं, मग माझ्या रायबाचं' हे तानाजीचं वाक्य म्हणजे अस्सल युनिट फाइल, म्हणजे सर्व्हिसची सूचनांची फाइल आहे, माहीत आहे का? आज बहुतेक लिनक्सवर पीआयडी १ असलेल्या 'सिस्टमडी'त ते असं लिहायचं: रायबाच्या लग्नाच्या सर्व्हिसमध्ये 'आफ्टर' बरोबर कोंढाणा. पण थांबा, गंमत पुढे आहे. 'आफ्टर' फक्त क्रम सांगतं, 'रिक्वायर्स' फक्त गरज सांगतं. नुसतं 'रिक्वायर्स' लिहिलं तर सिस्टमडी दोन्ही एकदम सुरू करेल: इकडे घोरपड चढतेय आणि तिकडे मंगलाष्टकं! क्रम आणि गरज, दोन्ही हवं तर दोन्ही लिहा. भल्याभल्यांची सर्व्हिस बूटला पडते ती इथेच.

तशीच दुसरी जोडी: 'नेटवर्क' टार्गेट आणि 'नेटवर्क-ऑनलाइन' टार्गेट. पहिलं म्हणजे नेटवर्क सांभाळणारा कामावर हजर झाला; दुसरं म्हणजे नेटवर्क खरोखर जोडलं गेलं. एसटी डेपोतून निघाली आणि एसटी गावात पोहोचली, एवढा फरक!

सिस्टमडी म्हटलं की राडा आलाच. ३० एप्रिल २०१० ला त्याच्या एका कर्त्याने, लेनार्ट पोटरिंगने, 'पीआयडी १ चा पुनर्विचार' मांडला आणि पुरावा म्हणून चक्क मोजणी टाकली. त्याच्या मशीनच्या बूट स्क्रिप्ट्समध्ये मजकूर चाळणारे छोटे प्रोग्रॅम, 'ग्रेप' ७७ वेळा, 'ऑक' ९२ वेळा, 'सेड' ७४ वेळा बोलावलं जात होतं! बूट झाल्यावर पहिल्या टर्मिनलचा प्रोसेस नंबर किती? मॅकवर १५४, लिनक्सवर १८२३. म्हणजे तुम्ही लॉगिन करून टर्मिनल उघडेपर्यंत लिनक्सने अठराशेहून जास्त प्रोसेस जन्माला घातल्या होत्या. बारशी करून करून मशीन दमणार नाही तर काय!

मॅक इतका चटपटीत का, माहीत आहे का? २००५ च्या 'टायगर'मध्ये ॲपलने 'लाँचडी' आणला होता. त्याची आयडिया भन्नाट: सर्व्हिस आधी उठवायचीच कशाला? दारावर मीच बसतो. पाहुणा आला की हाक मारतो. सिस्टमडीने ही युक्ती उचलली आणि फेडोरा १५ पासून, म्हणजे मे २०११ पासून, ती घराघरांत पोहोचली.

आणि नाव? फ्रेंचमध्ये 'सिस्टम डी' म्हणजे अडचणीतून शक्कल लढवून वाट काढणं. थोडक्यात, जुगाड! जगातले बहुतेक लिनक्स सर्व्हर आज ज्या नावाने उठतात, त्यात आपला जुगाड लपलाय.

'डेबियन' या लिनक्समध्ये तर यावरून निवडणुकीसारखा माहोल. फेब्रुवारी २०१४ मध्ये तांत्रिक समितीच्या आठ सदस्यांत बरोबर चार-चार अशी फाळणी झाली: चार सिस्टमडीचे, चार उबुंटूच्या 'अपस्टार्ट' या दुसऱ्या पीआयडी १ चे. शेवटी अध्यक्ष बीडेल गार्बी यांच्या निर्णायक मताने सिस्टमडी जिंकलं. तीनच दिवसांनी, व्हॅलेंटाइन डेला, उबुंटूच्या मार्क शटलवर्थ यांनी जाहीर केलं की आम्हीही तेच घेऊ. हरल्यावर असा दिलदारपणा मला फार आवडतो. ज्यांना पटलं नाही त्यांनी वेगळी चूल मांडली: 'देवुआन'. उच्चार? 'देव वन'! देव एकच, असं मराठी कानाला ऐकू येतं की नाही?

रेकॉर्डकडे वळू. सप्टेंबर २००८ मध्ये इंटेलच्या अर्जान व्हॅन डी व्हेन आणि ऑके कॉक यांनी आसुसचा छोटासा ईईई पीसी पाच सेकंदांत बूट करून दाखवला. पाच! त्यांनी 'जरा फास्ट करू' असं म्हटलंच नाही. त्यांनी घरखर्चासारखं बजेट आखलं. कर्नलला एक सेकंद, सुरुवातीच्या तयारीला एक, ग्राफिक्सला एक, डेस्कटॉपला दोन. बजेटबाहेर गेलेल्याला घरचा रस्ता. तुमचं मशीन कुठे रेंगाळतं ते बघायचंय? 'सिस्टमडी-ॲनालाइझ ब्लेम' मारा. सगळ्यात मोठा आळशी पहिल्या ओळीत!

आता माझ्या मावसभावाच्या आगरात या. वेळणेश्वरला समुद्रापासून हाकेच्या अंतरावर माड-पोफळींची बाग, आणि पडवीत खुंटीला टांगलेला प्लास्टिकचा डबा. डब्यात रास्पबेरी पाय. (पायाला बूट हवाच ना!) टाकीतलं पाणी किती, ते हा पाय मोजतो आणि मोबाइलवर दाखवतो. पंधरा दिवस झकास चाललं. एका पावसाळी रात्री लाईट गेली, पहाटे आली, लाल दिवा लागला, हिरवा लुकलुकला. मोबाइलवर मात्र टाकी गप्प.

"लाईट आली रे, मग तुझा डबा का उठेना?" मावशीने विचारलं. प्रश्न एकदम टू द पॉइंट होता.

कारण सर्व्हिस 'स्टार्ट' केली होती, 'इनेबल' केली नव्हती. हे दोन वेगळे शब्द आहेत, माहीत आहे का? 'स्टार्ट' म्हणजे आत्ता उठ. 'इनेबल' म्हणजे दर बूटला उठ. 'स्टार्ट' करून इनेबल विसरलं तर लाईट जाईपर्यंत सगळं छान. 'इनेबल' करून स्टार्ट विसरलं तर पुढच्या बूटपर्यंत शुकशुकाट. दोन्ही एका फटक्यात हवं तर 'सिस्टमसीटीएल इनेबल'पुढे 'नाऊ'चा फ्लॅग जोडायचा.

आणि 'इनेबल' आतून काय करतं? एवढा गाजावाजा, पण करतं फक्त एक शॉर्टकट! सर्व्हिसची फाइल असते एका फोल्डरमध्ये. तिच्याकडे बोट दाखवणारी छोटी लिंक 'मल्टी-युझर'च्या 'वाँट्स' फोल्डरमध्ये पडते. पडवीत बसून आम्ही कमांड मारली आणि स्क्रीनवर एकच ओळ उमटली: 'क्रिएटेड सिमलिंक', एक बाण, आणि दोन पत्ते. बस्स. बूटच्या वेळी सिस्टमडी ते फोल्डर उघडतो आणि ज्यांची लिंक दिसेल त्यांना उठवतो. लग्नाच्या आमंत्रणाची यादी, दुसरं काय! 'डिसेबल' म्हणजे यादीतून नाव खोडलं. 'मास्क' म्हणजे दाराला कुलूप आणि किल्ली समुद्रात: फाइलची लिंक थेट 'डेव्ह-नल'च्या विवरात.

मग फाइलीत आणखी एक ओळ घातली, 'रीस्टार्ट बरोबर ऑन-फेल्युअर'. सेन्सरची वायर हलली, प्रोग्रॅम पडला, तर तो आपणहून उठेल. पण सिस्टमडीलाही संयमाची हद्द आहे बरं! डीफॉल्टनुसार दहा सेकंदांत पाच वेळा उठवून बघतो. तरी पडत राहिला तर नाद सोडतो. म्हणून दोन प्रयत्नांमध्ये तीस सेकंदांची विश्रांती लिहिली. पावसाळी वायरला तेवढी सवलत हवीच.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर महाराष्ट्रातलं सगळ्यात जबरदस्त ऑटो-स्टार्ट सांगतो: शेतपंपाचा ऑटो स्विच! लाईट आली की मोटर आपोआप सुरू, शेतकरी अंथरुणात. पण महावितरण वर्षानुवर्षं सांगत आलंय की ऑटो स्विच काढा, कॅपॅसिटर बसवा. का? मोटर सुरू होताना काही क्षण नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते. एका ट्रान्सफॉर्मरवरचे सगळे पंप एकाच सेकंदाला उठले की फ्यूज उडाला, कधी ट्रान्सफॉर्मरच जळाला. परत अंधार!

डेटा सेंटरमध्ये अगदी हेच होतं. लाईट आली, शंभर मशीन एकदम उठली, सगळी एकाच डेटाबेसवर तुटून पडली, डेटाबेस आडवा. याला 'थंडरिंग हर्ड' म्हणतात, म्हणजे उधळलेला कळप. उपाय? प्रत्येकाने थोडं मागेपुढे उठायचं. सिस्टमडीच्या टायमरमध्ये 'रँडमाइज्ड डिले' ही सोय त्यासाठीच. शेतात आणि सर्व्हर रूममध्ये शहाणपण एकच.

पटापट वर्ल्ड टूर! फ्रीबीएसडीत 'आरसी डॉट कॉन्फ'मध्ये सर्व्हिसचं नाव, 'इनेबल' आणि 'येस', एका ओळीत विषय संपला. ओपनबीएसडीत 'आरसीसीटीएल'. अल्पाइनमध्ये 'आरसी-अपडेट ॲड'. आणि ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या 'क्रॉन'च्या बऱ्याच आवृत्त्यांमध्ये 'ॲट-रीबूट' एवढं लिहून कमांड दिली की ती दर बूटला धावते. शेवटचा उपाय छोट्या कामाला छान, पण पडल्यावर उचलायला तिथे कुणी नसतं.

एक मतभेद तर निव्वळ संस्कारांचा. डेबियन आणि उबुंटूत सर्व्हिस इन्स्टॉल केली की ती साधारणपणे लगेच सुरूही होते आणि इनेबलही. फेडोरा आणि रेड हॅटच्या घरात बहुतेक सर्व्हिसेस तुम्ही सांगेपर्यंत हलत नाहीत. एका घरात पाहुणा आला की थेट स्वयंपाकघरात. दुसऱ्यात 'बसा' म्हटल्याशिवाय बसत नाही!

हे शिकायचं कुठे? वेळणेश्वरातच ठाण्याच्या विद्या प्रसारक मंडळाचं महर्षी परशुराम अभियांत्रिकी महाविद्यालय २०१२ पासून उभं आहे; समुद्राच्या गाजेत ऑपरेटिंग सिस्टमचा पेपर! आणि कॉलेजात नसलात तरी आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिनक्सचे धडे चक्क मराठीत ऐकायला मिळतात, फुकट. सी-डॅकची 'बॉस' लिनक्सही डेबियनवरच बेतलेली, त्यामुळे डेबियनचे धडे तिथे कामी येतात.

आमचा पाय? 'इनेबल' झाल्यावर आम्ही त्याची खरी परीक्षा घेतली. 'रीबूट' कमांड नाही. सरळ मेन स्विच खाली! समुद्राची गाज, मावशीचा टॉर्च, दहा सेकंद काळोख. स्विच वर. लाल दिवा, हिरवा दिवा… आणि तिसाव्या सेकंदाच्या आत मोबाइलवर टाकी: ८२ टक्के!

पण नोंदीतली वेळ बघितली तर सहा सतरा. भिंतीवरच्या घड्याळात सात वाजायला पाच मिनिटं. चूक कुणाची? कुणाचीच नाही! पाय ४ पर्यंत रास्पबेरी पायमध्ये बॅटरीचं घड्याळच नव्हतं, माहीत आहे का? तो शेवटची वेळ फाइलीत जपून ठेवतो आणि उठल्यावर तिथूनच मोजायला लागतो. इंटरनेट जोडलं की मग दुरुस्त करतो. आणि बरोबर 'सतरा' का? डेबियनच्या क्रॉनमध्ये तासाची कामं जुन्या रिवाजाने सतराव्या मिनिटाला होतात, आणि आमच्या पायमध्ये वेळ जपण्याचं काम त्याच यादीत होतं! अचानक लाईट गेली तर पाय त्या सतराव्या मिनिटालाच जागा होतो.

मावसभावाने चिपळूणहून डीएस३२३१ घड्याळाचं मॉड्यूल आणलं, नाण्याएवढ्या सेलसकट. आता डबा लाईट आल्यावर उठतोही, आणि उठल्या उठल्या किती वाजले तेही बिनचूक सांगतो. गावाच्या नावातच वेळ आहे म्हटल्यावर!